लोथियनसाहेबांचा वाडा

मंडळी, 'लोथियन कमिटी' हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात घोकले असेल. हिंदुस्थानात मताचा हक्क कोणाला द्यावा, यावर १९३२ साली अहवाल देणारी ती समिती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते आणि अहवालाला त्यांनी आपली वेगळी टिपणीही जोडली होती. परीक्षा झाली आणि लोथियनसाहेब आमच्या डोक्यातून गेले. ते पुन्हा भेटले ते थेट स्कॉटलंडमध्ये!

एडिंबराजवळ डॅल्कीथ गावाशेजारी न्यूबॅटल अ‍ॅबी नावाचा वाडा आहे. मूळचा ११४० सालचा मठ, पुढे लोथियन घराण्याचे घर. हे घर साहेबांनी १९३७ साली प्रौढांच्या निवासी कॉलेजसाठी देऊन टाकले. पुढच्याच जानेवारीत ते गांधीजींकडे वर्ध्याजवळच्या शेगावला जाऊन राहिले. (गजानन महाराजांचे शेगाव नव्हे! त्या घोटाळ्यामुळेच पुढे या गावाचे नाव सेवाग्राम झाले.) स्वतःचा वाडा शिकणाऱ्यांना दिलेला माणूस तिथे साध्या मातीच्या घरात राहिला, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

या कॉलेजात यायचे ते शाळा अर्धवट सुटलेले लोक. १९५० ते ५५ या काळात कवी एडविन म्यूर इथले प्रमुख होते. ते स्वतः कधी विद्यापीठात गेले नव्हते, ग्लासगोत कारकुनी केलेले. त्यांच्याकडे ऑर्कनी बेटावरचा, क्षयाने पिडलेला एक तिशीतला विद्यार्थी आला. तोच पुढे स्कॉटलंडचा मोठा कवी झाला, जॉर्ज मॅकाय ब्राऊन.

असे हे कॉलेज. पण १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने त्याचे अनुदान काढून घेतले. पुष्कळांनी विरोध केला, तरी पैसे थांबलेच. मात्र वाडा विकला गेला नाही. कॉलेज तगले आणि पुन्हा उभे राहिले. वेल्समधल्या कोलेग हार्लेकच्या नशिबी हे नव्हते. १९२७ साली सुरू झालेले ते कॉलेज २०१७ मध्ये बंद झाले.

कोणी म्हणेल, आता इंटरनेटवर घरबसल्या शिकता येते, मग राहण्याजेवणाचा खर्च कशाला? खर्च आहे, हे खरेच. पण घरबसल्या शिकणे म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारा. पुस्तक उघडले की कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारात पाहुणे. शिफ्ट करून आलेल्या माणसाचे डोळे दुसऱ्या पानावर मिटतात. काही दिवस का होईना, स्वतःची खोली, जवळ लायब्ररी आणि जेवणाच्या टेबलावर आपल्यासारखीच चाचपडणारी चार माणसे मिळाली, की 'आता या वयात काय जमणार' ही भीती जाते. ती घालवण्यासाठीच तर हा खर्च!

आपल्याला हे नवे नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कामकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्यालाही शिकायचे असते, हे त्यांनी ओळखले होते.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. बर्मिंगहॅमचे फर्क्रॉफ्ट आणि बार्न्सलीजवळचे नॉर्दर्न कॉलेज अजून आहेत. आपल्या ओळखीत कोणाचे शिक्षण राहून गेले असेल, तर त्यांना ही नावे सांगा. आणि उद्या अशा एखाद्या जागेला टाळे लागण्याची बातमी आली, तर 'ते गोऱ्यांचे, आपल्याला काय त्याचे' म्हणून पान उलटू नका. आपल्या खासदाराला चार ओळी लिहा. टाळे लागल्यावर लिहून उपयोग नाही. अशी जागा एकदा विकली गेली, की पुन्हा वाडा देणारा लोथियन कुठून आणायचा?