डिस्क दिसत नाही म्हणजे गेली असं नाही

लॅपटॉप बंद पडला की त्यात साठवलेलं सगळं गेलं, असंच आधी वाटतं. प्रत्यक्षात अनेकदा मदरबोर्ड, स्क्रीन किंवा चार्जिंगचं सर्किट गेलेलं असतं आणि आतली हार्ड डिस्क धडधाकट असते. अशा वेळी ती डिस्क काढायची, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणाऱ्या केसिंगमध्ये बसवायची आणि यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची, हा रूढ उपाय आहे. बहुतेकदा तो लागूही पडतो. पण कधी केसिंगचा दिवा लागतो आणि स्क्रीनवर काहीच उमटत नाही. कधी ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब, प्रबंधाची प्रकरणं त्या डिस्कवर असली की हात थरथरतो आणि समोर दिसेल ते बटण दाबलं जातं. या क्षणापर्यंत डेटा बहुधा शाबूत असतो. तो जातो तो यानंतरच्या घाईत. म्हणून पहिला नियम एकच: बिघाड नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहू द्यायचं नाही.

केसिंग उघडलं की आत सर्किटची एक छोटी पट्टी दिसते आणि तिच्यावर एक चिप. डिस्क साटा पद्धतीने बोलते, कॉम्प्युटरचा पोर्ट यूएसबी पद्धतीने. ही ब्रिज चिप दोघांमधला दुभाषा. म्हणजे डिस्क स्क्रीनवर दिसण्यासाठी वीज, केबल, ब्रिज, डिस्क, तिच्यावरची पार्टिशन आणि त्यातली फाइल सिस्टिम असं सगळं ठीक असावं लागतं. तपासणीही याच क्रमाने करायची. त्यात फायदा असा की सुरुवातीच्या तपासण्या फुकट होतात आणि त्यांनी डेटाला धक्का लागत नाही.

आधी वीज

लॅपटॉपची अडीच इंची डिस्क 5 व्होल्टवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टही लागतात. साध्या यूएसबी पोर्टमधून ते मिळत नाहीत, म्हणून तिच्या केसिंगला स्वतंत्र अडॅप्टर असतो. अडीच इंचीची अडचण वेगळी. नियमाप्रमाणे यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर करंट देतो, 3.0 चा 900. थांबलेल्या तबकड्या मिनिटाला 5400 फेऱ्यांपर्यंत नेताना पहिल्या काही सेकंदांत डिस्क सुमारे 1 अँपिअरपर्यंत ओढू शकते. केसिंगच्या दिव्याला मात्र अगदी थोडा करंट पुरतो. त्यामुळे दिवा लागला म्हणजे वीज पोचली, हे गृहीत धरू नका.

खरी खूण कानाला कळते. केसिंग टेबलावर सपाट ठेवा, जोडा आणि कान जवळ न्या. हलकी घरघर सुरू होऊन एकसारखी राहिली तर तबकड्या नीट फिरताहेत. घरघर चढते, टक् होऊन बसते आणि पुन्हा चढते, असं होत असेल तर वीज अपुरी पडत असण्याची दाट शक्यता आहे. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटचे पुढचे पोर्ट सोडा. ते आतून वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब मध्ये घालू नका. दोन पोर्टमधून वीज घेणारी दुतोंडी केबल मिळते, तीही कामाला येते.

अडॅप्टरच्या बाबतीत मात्र प्रयोग नकोत. पिन बसली म्हणून 19 व्होल्टचा लॅपटॉपचा अडॅप्टर 12 व्होल्टच्या केसिंगला लावला, तर केसिंगचं सर्किट जळतं आणि त्याबरोबर डिस्कचा बोर्डही जळू शकतो. अनेक डिस्कच्या बोर्डवर असा जादा दाब स्वतःवर घेणारा संरक्षक डायोड असतो. नुकसान तेवढ्यावर थांबलं असेल तर जाणकार तंत्रज्ञ डेटा परत मिळवू शकतो. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड घरी लावून पाहणं मात्र टाळा. बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कपुरती जुळणी साठवलेली असते, त्यामुळे नुसता बोर्ड बदलून आताच्या डिस्क सहसा चालत नाहीत.

मग केबल आणि बैठक

मायक्रो यूएसबी आणि टाइप-सीच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत डेटाच्या तारा नसतात. यूएसबी 3.0 च्या केसिंगला बऱ्याचदा रुंद, दोन भागांचा मायक्रो-बी प्लग असतो. तो वारंवार काढ-घाल केल्याने सैल होतो. दुसरी, आखूड आणि खात्रीची केबल लावून पाहणं ही सर्वांत सोपी चाचणी.

त्यानंतर डिस्क नीट बसली आहे का ते बघा. साटा जोडणीत डेटाच्या 7 आणि विजेच्या 15 पट्ट्या असतात. डिस्क सपाट सरकवत शेवटपर्यंत जायला हवी. फट राहिली की वीज पोचते पण डेटा पोचत नाही, असंही घडतं. जुन्या लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला 44 सुयांसारख्या पिना असतात. त्यातली एखादी वाकलेली नाही ना आणि डिस्कचा जंपर ‘स्लेव्ह’वर नाही ना, हे तपासा. नव्या एम डॉट टू एसएसडीचा घोळ आणखी वेगळा. साटा आणि एनव्हीएमई हे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखे, एकाच खाचेत बसणारेही असतात. पण फक्त एनव्हीएमईसाठी बनवलेलं केसिंग साटा एसएसडी ओळखत नाही. अशा वेळी डिस्क आणि केसिंग दोन्ही निर्दोष असतात, जोडी चुकलेली असते.

ब्रिजची परीक्षा

केबलही ठीक निघाली तर अदलाबदल करा. संशयित डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये किंवा थेट डेस्कटॉपच्या साटा केबलला लावा आणि केसिंगमध्ये एखादी रिकामी, चालू डिस्क घाला. दोष कोणाचा, ते इथे स्पष्ट होतं. जुन्या केसिंगची एक मर्यादाही लक्षात ठेवा. त्यातल्या काही चिपा सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत मोजतात, म्हणजे 4,29,49,67,296 सेक्टर. एका सेक्टरचे 512 बाइट धरले तर हे सुमारे 2.2 टेराबाइट होतात. त्याहून मोठी डिस्क अशा केसिंगमध्ये चुकीच्या आकाराची दिसते किंवा दिसतच नाही.

तयार एक्स्टर्नल डिस्क फोडण्यापूर्वी थांबा. काहींमध्ये साटाची जोडणीच नसते, यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डवर असतो. काहींची ब्रिज चिप, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी, सगळा डेटा सांकेतिक करून लिहिते. ती डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये कोरी वाटते. म्हणून मूळ पट्टी फेकू नका. डेटा उलगडण्याची किल्ली तिच्याशी बांधलेली असू शकते.

यादीत आहे, पण उघडत नाही

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. मॅकवर डिस्क युटिलिटी. इथे जे दिसतं त्यावर पुढचं ठरतं. आकार बरोबर, पार्टिशन ‘हेल्दी’, फक्त ड्राइव्हचं अक्षर नाही? मग राइट क्लिक करून अक्षर द्या, डेटाला धोका नाही. ‘नो मीडिया’ दिसलं तर ब्रिज आणि डिस्क यांचं बोलणं होत नाहीये. पुन्हा मागच्या टप्प्यावर जा. ‘रॉ’ दिसलं तर फाइल सिस्टिम बिघडली असेल किंवा ती विंडोजच्या ओळखीची नसेल. मॅकच्या किंवा लिनक्सच्या डिस्क विंडोजला बऱ्याचदा अशाच दिसतात.

‘बिटलॉकर’ असं लिहिलं असेल तर डिस्क कुलूपबंद आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये हे कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. त्याची 48 अंकी रिकव्हरी की बहुधा त्याच खात्यात जमा असते. लॉगिन करून शोधा.

‘नॉट इनिशिअलाइज्ड’ किंवा ‘अनअलोकेटेड’ हे सगळ्यांत फसवं. विंडोज स्वतःहून ‘इनिशिअलाइज करू का’ विचारतं. होकार दिलात की नवं पार्टिशन टेबल लिहिलं जातं. डेटा हवा असेल तर इथे ‘कॅन्सल’. फॉरमॅटच्या संदेशालाही तेच उत्तर. दुरुस्ती करताना चेकडिस्कही डिस्कवर लिहितं, त्यामुळे प्रत काढण्यापूर्वी ते चालवू नये. डिस्कचा आवाज ठीक असेल तर टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर हरवलेली पार्टिशन शोधून देतं. फक्त सापडलेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

टकटक थांबत नसेल

पुरेशी वीज देऊनही टकटक चालूच असेल तर बंद करा आणि पुन्हा लावू नका. डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. खराब हेड प्रत्येक फेरीत पृष्ठभाग खरवडू शकतं. झाकण घरी उघडू नका, धुळीचा कणही तिथे घातक. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजून सांगितला जातो, पण बाहेर काढताच आत दव धरतं. इथे क्लीन रूम असलेली डेटा रिकव्हरीची प्रयोगशाळाच हवी. खर्च मोठा असतो, म्हणून डेटाचं मोल आधी ठरवा.

दुरुस्तीला देताना एक वाक्य न विसरता सांगा: ‘दादा, डिस्क नाही वाचली तरी चालेल, डेटा हवा, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका.’ ‘चालू करून देतो’ म्हणणाऱ्याने कोरी करून चालू केलेली डिस्क त्याच्या लेखी दुरुस्तच असते.

आणि डिस्क दिसली, की लगेच कॉपी सुरू करा. आधी फोटो आणि कागदपत्रं, जे पुन्हा मिळणार नाही ते. सिनेमे शेवटी. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जाणकारांचा नियम प्रत्येक घराला परवडणारा आहे. केसिंगमध्ये घातलेली जुनी डिस्क ही त्यातली एक प्रत होऊ शकते. एकमेव प्रत म्हणून तिच्यावर विसंबू नका.