हेतू आणि जाणीव

एक आगबोट भर वेगाने चालली आहे. कप्तानाकडून कसलीही चूक अथवा हयगय झालेली नसता तिच्यासमोर एकाएकी एक होडी येते. होडीत वीस-तीस उतारू आहेत. आगबोट थांबवण्यास अवसर नाही. रोख बदलला तरच ती होडी वाचेल. परंतु त्या नव्या वाटेवर दुसरी एक लहान होडी असून तीत दोघेजण बसले आहेत. ती कदाचित निसटेल, कदाचित सापडेल. कप्तानाने सुकाणू फिरवले आणि ते दोघे बुडाले, तर तो खुनी ठरेल काय?

हा प्रश्न कोणा पंडिताने फावल्या वेळी रचलेला नाही. १८६० च्या हिंदी दंडसंहितेत ८१ व्या कलमाखाली तो उदाहरणादाखल छापलेला होता. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या १९ व्या कलमाखालीही त्या दोन होड्या आहेतच. कायद्याचे उत्तर असे की, लहान होडी बुडवावी हा कप्तानाचा हेतू नसेल, मोठ्या होडीतील माणसे वाचावीत म्हणूनच त्याने सद्बुद्धीने रोख बदलला असेल, आणि टाळावयाचे संकट तेवढा धोका पत्करण्याजोगे असेल, तर तो अपराधी नाही. लहान होडीचे काय होण्याचा संभव आहे हे त्याला आधी दिसत होते, तरीही नाही. इंग्लंडात फिलिपा फूट या विदुषीने १९६७ साली अनावर झालेल्या ट्रामचा असाच पेच मांडला व तो जगभर गाजला. येथली आगबोट तिच्याहून शतकभर जुनी. पण तिचे कौतुक वकिलांच्या पुस्तकांबाहेर फारसे झाले नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायातही हाच धागा आढळतो. उपकार करावयास गेले असता ब्राह्मण दगावला, किंवा औषध देताना वा डागताना गाय-बैल दगावले, तर त्याचे पातक नाही, असे तेथे म्हटले आहे. युरोपात तेराव्या शतकात टॉमस अक्विनास याने आत्मरक्षणाचा विचार करताना एकाच कृतीला दोन फळे येतात, एक हेतूतले व एक हेतूबाहेरचे, असा भेद केला.

मात्र ‘माझा हेतू तसा नव्हता’ एवढे म्हटल्याने कोणी सुटत नाही. त्याच दंडसंहितेत दुसरे एक उदाहरण होते. चोरी साधावी म्हणून एकजण मोठ्या शहरातील राहत्या घराला रात्री आग लावतो व आत एक माणूस जळून मरतो. त्याला मारण्याचा चोराचा हेतू नव्हता. त्या मरणाचे त्याला दुःखही होत असेल. पण असे मरण ओढवण्याचा संभव आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून ते त्याने स्वेच्छेने घडवले असेच कायदा धरतो. कप्तान आणि हा चोर, दोघांनाही परिणाम दिसत होता. फरक आहे तो त्या धोक्याच्या मोबदल्यात काय साधावयाचे होते यात.

आणि साधावयाचे ते उदात्त असले तरी? १८८४ साली ‘मिन्योनेट’ नावाचे इंग्रजी जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाले व चौघेजण एका लहानशा होडीत उरले. अन्नपाणी संपले. तेव्हा डडली व स्टीफन्स या दोघांनी रिचर्ड पार्कर या सतरा वर्षांच्या आजारी पोराला मारले आणि त्याच्या मांसावर तिघे जगले. इंग्रजी न्यायालयाने त्या दोघांना खुनाबद्दल फाशीची शिक्षा दिली. पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणण्यात आली. आकड्यांकडेच पाहिले तर येथेही एक गेला व तिघे वाचले. मग कप्तान निर्दोष आणि डडली खुनी, हे कसे? लहान होडी निसटली असती तर कप्तानाने देवाचे आभार मानले असते. त्याचा बेत तीळभरही बिघडला नसता. पार्कर जगला असता तर डडलीचा सारा बेतच फसला असता. त्या पोराचे मरण हा त्याच्या उपायाचा ओघाने येणारा परिणाम नव्हता. तोच उपाय होता.

हा भेद समुद्रापेक्षा रुग्णशय्येपाशी अधिक वेळा उपयोगी पडतो. कर्करोगाने तळमळणाऱ्या रोग्याला मॉर्फिनची सुई द्यावयाची, आणि त्याने श्वास मंदावण्याची भीती. १९५७ साली लंडनमध्ये डॉ. बॉडकिन अॅडम्स यांच्यावर खुनाचा खटला चालला. न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्यूरीला सांगितले की, वेदना शमवण्यासाठी योग्य व आवश्यक ते सर्व करण्याचा डॉक्टरला अधिकार आहे, मग त्यायोगे आयुष्य थोडे कमी झाले तरी. ज्यूरीने अॅडम्स यांना सोडून दिले. याउलट १९९२ साली डॉ. नायजेल कॉक्स यांना खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवण्यात आले. असह्य वेदना भोगणाऱ्या एका वृद्धेला त्यांनी पोटॅशियम क्लोराइड टोचले होते. हे द्रव्य हृदय बंद पाडते. वेदनेवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. कॉक्स यांच्या मनात दया होती हे नाकारण्याचे कारण नाही, व न्यायालयानेही शिक्षा स्थगित ठेवली. पण त्या दयेने मरणाचाच मार्ग पत्करला होता.

मनातला हेतू बाहेरच्याला कसा कळावा, ही शंका रास्त आहे. काही अंशी तो मात्रेवरून कळतो. वेदनेच्या मानाने मॉर्फिन हळूहळू वाढवीत नेले तर ते सहसा मरण जवळ आणीत नाही, असा या विद्येतील जाणत्यांचा अनुभव आहे. म्हणजे ज्या परिणामाला लोक भितात तो बहुधा घडतच नाही. तरीही भीती जात नाही. भारतात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे रुग्णालयांनाही मॉर्फिन मिळवणे अवघड होऊन बसले. २०१४ च्या दुरुस्तीने ती अडचण काहीशी हलकी केली. घरोघर मात्र ‘ती शेवटची सुई द्या असे आपणच सांगितले’ हा सल मुलांच्या मनात वर्षानुवर्षे राहतो. अशा मुलाने त्या रात्रीचा कागद मागून पाहावा. कोणत्या वेळी किती औषध दिले, तेव्हा वेदना किती होती, पुढची मात्रा कशासाठी वाढवली, हे त्यावर लिहिलेले असते. कॉक्स यांनीही आपण काय टोचले ते प्रामाणिकपणे नोंदून ठेवले होते. परिचारिकेने ते वाचले, आणि कोणत्या वेदनेवर हे औषध दिले याचे उत्तर त्या नोंदीत नव्हते.