एच.आय.व्ही. बाधित स्त्रीचे बाळंतपण कोणी करायचे?

एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या स्त्रीला औषध मिळते का, असे विचारल्यास 'मिळते, आणि तेही मोफत' असे उत्तर देता येते. १ एप्रिल २००४ पासून देशातील मोजक्या सरकारी रुग्णालयांत ए.आर.टी. म्हणजे विषाणूविरोधी औषधे मोफत देण्यास सुरुवात झाली. २०१७ पासून तर लागण निश्चित होताच, सीडी-४ पेशी किती आहेत हे न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. पण तिचे बाळंतपण, गर्भपिशवीचा आजार, दाढ काढणे यांचे काय? खरी अडचण तिथे येते.

अनेक स्त्रियांना लागण झाल्याचे प्रथम कळते ते गरोदरपणातील रक्ततपासणीत. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते, त्यामुळे आजार 'हिनेच घरात आणला' असा ठपका तिच्यावर बसतो. औषधासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचे तर एस.टी.चे भाडे लागते, दिवसाची मजुरी बुडते आणि घरी काय सांगायचे हा प्रश्न असतो. औषधात खंड पडला की आपण तिला निष्काळजी म्हणतो. ते बरोबर नाही.

'आमच्याकडे तशी सोय नाही' असे सांगून तिला पुढच्या दवाखान्यात पाठवले जाते. सोय म्हणजे काय? हातमोजे, निर्जंतुक केलेली उपकरणे आणि वापरलेल्या सुयांची योग्य विल्हेवाट. ही काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत घ्यायचीच असते, कारण लागण चेहऱ्यावर दिसत नाही. चुकून सुई टोचलीच तर डॉक्टर-परिचारिकांसाठी प्रतिबंधक औषध आहे. ते शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाचे असते.

कायदाही स्पष्ट आहे. २०१७ चा एच.आय.व्ही.-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार लागण आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही आणि गरोदर बाधित स्त्रीचा गर्भपात किंवा नसबंदीही करता येत नाही. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे.

चांगल्या उपचारात पुढील गोष्टी यायला हव्यात :

१) उपचार न घेतल्यास शंभरातील १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते. आईने नियमित औषध घेतले व बाळालाही जन्मानंतर औषध दिले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. 'मूल नकोच' असा सल्ला त्यामुळे गैरलागू ठरतो.

२) डोल्युटेग्रॅविर असलेली गोळी आणि गरोदरपणातील लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी एकत्र घेऊ नयेत. आधी ए.आर.टी.ची गोळी घ्यावी व दोन तासांनी लोह-कॅल्शियम घ्यावे. ही साधी सूचना अनेकींना कोणी देत नाही.

३) बाधित स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांपेक्षा सुमारे सहापट असतो. वयाच्या पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी. अंगावरून पांढरे जाणे किंवा मध्येच रक्तस्राव होणे अंगावर काढू नये.

४) खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे यांपैकी काहीही असल्यास क्षयरोगाची तपासणी करावी.

तपासणीच्या वेळी तिच्याशी आडोशाला बोलावे. केसपेपरवर ठळक खूण करणे किंवा व्हरांड्यात मोठ्याने आजाराचे नाव घेणे यामुळे ती पुन्हा येत नाही, आणि तिच्या पोटातील बाळाचाही उपचार थांबतो. घरच्यांनी नवऱ्याचीही तपासणी करून घ्यावी. अधिक माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.