रुक्ष त्वचा आणि खनिज प्रसाधने : चिकित्सकाच्या दृष्टीतून

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराईची चाहूल लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत हेमंत ऋतूचा कोरडा वारा मराठवाड्याच्या पठारावर वाहू लागतो. ज्या काळात त्वचेतील वात बळावतो, ओठ फुटतात, गालांवर पांढरे पापुद्रे दिसू लागतात, त्याच काळात नववधूच्या चेहऱ्यावर सर्वाधिक प्रसाधने चढतात. पूर्वी हा प्रश्न स्नो आणि पावडरीपुरता मर्यादित होता. आता 'मिनरल मेकअप' या नावाने मिळणारी खनिज चूर्णे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत. 'रसायन नाही, केवळ खनिज आहे, म्हणून निर्धोक' अशी समजूत रुग्ण घेऊन येतात आणि तिला दुजोरा मिळावा म्हणून वैद्याकडे पाहतात. या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, याचा थोडा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी पैठण परिसरातील एक तरुणी विवाहाच्या तीन आठवडे आधी चिकित्सालयात आली. वर्ण उजळावा एवढीच तिची अपेक्षा होती. मी घाईत मुलतानी माती, लोध्र आणि चंदन यांचा लेप लिहून दिला आणि 'वाळला की धुवून टाका' असे सांगितले. प्रकृती वातप्रधान, त्वचा मुळात रुक्ष, महिना डिसेंबरचा. यांपैकी एकाही गोष्टीचा विचार मी केला नाही. हळदीच्या आदल्या दिवशी ती परत आली तेव्हा गालांची आग होत होती आणि वरून लावलेले खनिज चूर्ण प्रत्येक पापुद्र्याच्या कडेला साचून चेहरा भेगाळलेल्या भिंतीसारखा दिसत होता. दोष चूर्णाचा थोडा होता, माझा अधिक.

वाग्भटाने सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचा जो विधी सांगितला आहे तो त्या दिवशी मी पुन्हा उघडून वाचला. दोषघ्न, विषघ्न आणि वर्ण्य असे लेपाचे तीन प्रकार. जाडी अनुक्रमे पाव, एक तृतीयांश आणि अर्धा अंगुळ. लेप ओला असेपर्यंतच मुखावर ठेवावा, वाळलेला लेप कांती बिघडवतो, काढताना तो पुन्हा ओला करून काढावा आणि त्यानंतर अभ्यंग करावा, इतके स्पष्ट मार्गदर्शन तेथे आहे. वात-कफात लेप उष्ण असावा हेही सांगितले आहे. 'वाळू द्या आणि धुवा' हा आजचा सर्वमान्य प्रघात शास्त्राच्या थेट विरुद्ध आहे, आणि आपल्याच औषधालयांतून विकल्या जाणाऱ्या अनेक लेपचूर्णांच्या डब्यांवर तो छापलेला असतो!

आता खनिज चूर्णात असते काय ते पाहू. अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि रंगासाठी लोहाची ऑक्साइडे हा त्याचा गाभा. काहींत केओलिन किंवा सिलिका, तर काहींत चमक यावी म्हणून बिस्मथ ऑक्सिक्लोराइड असते; या शेवटच्या घटकाने काही स्त्रियांना खाज सुटते. वैद्यांना यातील बरीच नावे परकी वाटण्याचे कारण नाही. झिंक ऑक्साइड म्हणजे आपले पुष्पांजन. लाल लोह ऑक्साइड म्हणजे गैरिकाचा रंगद. आणि हे दोन्ही एकत्र केले की जे तयार होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे : कॅलामाइन. कॅलामाइनचा गुलाबी रंग फेरिक ऑक्साइडचा असतो. स्रावी, ओल्या व्रणांवर ते शोषण करते म्हणून उपयोगी पडते आणि कोरड्या त्वचेवर सलग लावले तर ती आणखी कोरडी पडते. खनिज प्रसाधन हे कॅलामाइनचे सख्खे भावंड आहे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे उत्तर मिळते. चूर्ण जितके बारीक तितका त्याचा पृष्ठभाग मोठा, आणि तितकीच त्वचेवरील स्नेह ओढून घेण्याची क्षमता अधिक.

येथे एक शंका रास्त आहे. भावप्रकाशात गैरिक मधुर, कषाय, शीत आणि स्निग्ध म्हटले आहे. मग ते रुक्षता कसे वाढवील? मला वाटते उत्तर संस्कारात आहे. गैरिकाचे शोधन गोदुग्धाच्या भावनेने किंवा गोघृतात भर्जन करून होते. स्नेहाने संस्कारित गैरिक ही एक वस्तू आणि किराणा दुकानातला, कुंड्या आणि अंगणे रंगवण्याचा गेरू ही दुसरी. दुसरी वस्तू चेहऱ्याला लावण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. नैसर्गिक गेरूत शिसे व अर्सेनिक यांचा अंश असू शकतो. याच कारणाने प्रसाधनांत खाणीतील गेरूऐवजी कृत्रिमरीत्या तयार केलेली शुद्ध लोह ऑक्साइडे वापरली जातात. 'मिनरल' म्हणजे जमिनीतून काढून थेट डबीत भरलेले, ही रुग्णांची समजूत म्हणूनच दुरुस्त करायला हवी.

आपल्या जिल्ह्यात या विषयाचा एक फार जुना पुरावा भिंतीवर उभा आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी राजकन्या आणि तिच्या भोवतीच्या सेविका हे प्रसाधनाचे दृश्य बहुतेकांनी पाहिले असेल. ती चितारली आहे तीही खनिजांनीच : लाल व पिवळा गेरू, हिरवी माती, चुन्याचा किंवा केओलिनचा पांढरा रंग, काळ्यासाठी मात्र काजळी. निळा लाजवर्द तेवढा दूर बदक्षानहून आलेला. माती, शेण आणि भाताचे तूस यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो वाळल्यावर, सरसासारख्या बंधकात कालवून हे रंग लावले गेले. कोरड्या पृष्ठावर खनिज धरून ठेवायचे तर बंधक लागतो, आणि तो बंधक जीर्ण झाला की रंगाचे पोपडे सुटतात. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना संवर्धनासाठी बोलावले होते. त्यांनी पोपडे बसवले, परंतु वरून लाखेचे रोगणही दिले. ते कालांतराने पिवळे पडले, आकसले आणि खालचा रंगही ओढू लागले. ते काढण्याचे नाजूक काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला पुढे अनेक दशके करावे लागले. (भिंत आणि त्वचा यांची तुलना फार ताणू नये हे मान्य, भिंतीला खाज सुटत नाही.) परंतु सुटणाऱ्या पापुद्र्यावर घट्ट आवरण चढवले की ते पापुद्र्यासकट आकसते, हे मी त्या नववधूच्या गालावर पाहिले होते.

तिच्या बाबतीत पुढे जे केले ते सांगतो. सर्व लेप बंद केले. साबण बंद करून कोमट दुधाच्या बोळ्याने चेहरा पुसण्यास सांगितले. रात्री शतधौत घृताचा पातळ थर, सकाळी चेहरा किंचित ओला असतानाच कुंकुमादि तैलाचे तीन-चार थेंब. हळदीच्या दिवशी हळद तिळाच्या तेलात कालवूनच लावावी असा निरोप तिच्या आजीला दिला. आजी म्हणाल्या, "आमच्याकडं तशीच लावतात, वैद्यबुवा." पार्लरमधील बाईंनाही तीन गोष्टी कळवल्या : सुटे चूर्ण न वापरता स्नेहयुक्त, दाबून बसवलेले किंवा द्रवरूप प्रसाधन घ्यावे, तेल लावल्यानंतर किमान पंधरा मिनिटे थांबावे, आणि ब्रशने घासण्याऐवजी अगदी थोडे प्रसाधन हलके दाबून लावावे. काढताना तिळाचे तेल लावून मऊ कापडाने टिपून घ्यायचे होते, चोळायचे नव्हते. पाच दिवसांत आग थांबली. वर्ण उजळला की नाही ते कोणी विचारले नाही.

नित्य वापरासाठी ऋतूनुसार लेप द्यायचा झाल्यास वाग्भटाचे हेमंत व शिशिरातील योग पाहावेत. हेमंतात बोराच्या बीतील मगज, अडुळशाचे मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी. शिशिरात रिंगणीचे मूळ, काळे तीळ, दारुहळदीची साल आणि सोललेले जव. लोध्र येथेही आहे, पण मगज आणि मोहरीच्या सोबतीने. मी ते एकटे, मातीत मिसळून दिले होते. पीनस, अजीर्ण, अरुची, हनुग्रह, जागरण आणि नस्यानंतर मुखलेप वर्ज्य आहे, हेही विस्मृतीत जाते.

प्रत्येक कोरडी त्वचा केवळ वाताची नसते. थायरॉईडची मंदता, विचर्चिका, जन्मजात मत्स्यत्वचा यांचा विचार आधी व्हावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्णाने आधी कोणते मलम वापरले हे खोदून विचारावे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांची एकत्रित मलमे गोरेपणासाठी सर्रास वापरली जात आली आहेत. २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमे चिकित्सकाच्या चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली गेली, तरी ती हाती पडतातच. अशा पातळ झालेल्या त्वचेवर कोणतेही खनिज चूर्ण झोंबणारच. २०२३ च्या आरंभी अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना स्थानिक पातळीवर बनवलेल्या क्रीममधील पाऱ्यामुळे इजा झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीनंतर उघडकीस आले. गोरेपणाच्या बिननावाच्या डब्या 'आयुर्वेदिक' म्हणून खपतात आणि त्यांचे बालंट आपल्या शास्त्रावर येते.

औषधालय चालकांसाठी दोन शब्द. प्रसाधनांत रंगासाठी शिसे व अर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई आहे आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पाऱ्यावरही कडक मर्यादा आहे. स्वतःच्या परवान्यावर सौंदर्यप्रसाधक लेप बनवणाऱ्यांनी हिंगूळ, हरताळ, मनःशिळा आणि सिंदूर यांचे जुने वर्ण्य योग ग्रंथातच राहू द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गैरिक घेताना प्रत्येक खेपेचे जड धातूंचे विश्लेषण मागावे. आणि पुढच्या छपाईच्या वेळी डब्यावरील 'वाळल्यावर धुवा' ही ओळ काढून तेथे 'ओला असतानाच काढा, नंतर तेल लावा' असे छापावे. मी माझ्या चिठ्ठीवरचा शिक्का तसा बदलून घेतला आहे.