दूध बाधतं? गोळी घेण्याआधी लेबल वाचा

कोजागरीचं आटीव मसाला दूध झालं की तासाभरात कुणाच्या तरी पोटात गुडगुड सुरू होते. मग औषधाच्या दुकानातून पाचक सिरप येतं, त्याने गुण येत नाही आणि खापर फुटतं दुधातल्या भेसळीवर.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. पावशेर पेल्यात साधारण १२ ग्रॅम. ती रक्तात जाण्याआधी तिचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज व्हावं लागतं. हे काम लहान आतड्यातलं लॅक्टेज हे विकर करतं. अंगावरचं दूध सुटल्यानंतर बहुतेकांच्या शरीरात ते कमी होत जातं. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांची हीच गत आहे. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि पोट फुगतं, कळा येतात, जुलाब होतात. उकळल्याने ही साखर जात नाही. उलट दूध निम्मं आटवलं, की एका पेल्यात दोन पेल्यांचं लॅक्टोज उतरतं.

दुकानातल्या बहुतेक पाचक सिरपांत असतं डायस्टेज आणि पेप्सिन. पहिलं पिठूळ पदार्थ पचवतं, दुसरं प्रथिनं. दुधाच्या साखरेला दोन्ही हात लावत नाहीत. तिथे लॅक्टेजच हवं. त्याच्या गोळ्या बहुधा ॲस्परजिलस या बुरशीपासून बनवतात आणि ताकद एफसीसी युनिटमध्ये लिहिलेली असते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने लॅक्टोज असलेल्या प्रत्येक जेवणासोबत किमान ४५०० युनिट ही मात्रा मान्य केली आहे. गोळी पहिल्या घोटाबरोबर घ्यायची. पोट बिघडल्यावर घेऊन उपयोग नाही, कारण तोवर दूध पुढे सरकलेलं असतं. रात्रीच्या बासुंदीला सकाळची गोळीही चालत नाही. गोळीने मूळ कमतरता भरून निघत नाही. ती फक्त त्या जेवणापुरती.

पण अनेकांना गोळीची गरजच पडत नाही. एका वेळी पेलाभर दूध, तेही जेवणासोबत, बहुतेकांना सोसतं. दही-ताकातले जिवाणू लॅक्टोज फोडायला स्वतःच मदत करतात. चक्का टांगला की पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं आणि तुपात ते नावालाच उरतं. जपायचं ते खव्याच्या पेढ्यांना आणि बासुंदीला. लॅक्टोजमुक्त दूधही बाजारात मिळतं. त्यात हेच विकर आधी घातलेलं असतं, म्हणून ते जरा गोड लागतं. साखर मात्र तेवढीच असते, हे मधुमेहींनी विसरू नये.

दुधाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे. ती प्रथिनांमुळे होते, तिथे ही गोळी निरुपयोगी आणि भलता धीर देणारी. अंगावर गांधी उठणं, धाप लागणं, शौचातून रक्त जाणं, वजन घटणं यांपैकी काहीही असेल, किंवा त्रास तान्ह्या बाळाला असेल, तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टर गाठा. आणि दूध पूर्ण बंदच करणार असाल, तर कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ रोजच्या आहारात असू द्या.