दहा बाय बाराच्या खोलीतील धावपळ

आपल्यापैकी अनेक कुटुंबे एक-दोन खोल्यांत राहतात. पावसाळ्यात बाहेर चिखल, जिन्यात पडण्याची भीती. मग तीन वर्षांच्या मुलाला 'एका जागी बस' म्हणून दटावले जाते, नाहीतर त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. गप्प बसणारे मूल शहाणे, ही आपली जुनी समजूत. ती तपासून पाहिली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि तीन वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांपैकी ६० मिनिटे जोमाची असावीत, असे त्यात म्हटले आहे. मुलाचा ताबा आधी मान, पाठ, खांदे यांवर येतो, बोटांवर मागाहून. तेव्हा पाटीवर अक्षरे गिरवून घेण्याची घाई करणाऱ्या पालकांनी आधी मुलाला हातापायांवर अस्वलासारखे चालू द्यावे.

यासाठी पैसा लागत नाही. उशा नि गोधड्यांचा डोंगर रचला की दीड वर्षाचे मूल तो चढते, उतरते, पुन्हा चढते. दोन खुर्च्यांना ओढणी बांधली की तिच्याखालून सरपटता येते. फरशीच्या रेषेवरून तोल सांभाळत चालणे वाटते तितके सोपे नाही. आमच्यासारख्या दिवसभर खुर्चीला चिकटलेल्या कारकुनांनी करून पाहावे! दोन्ही पाय उचलून उडी मारणे साधारण अडीच वर्षांपर्यंत जमते, लंगडी मात्र चारच्या सुमारास. तोवर बेडूकउड्याच बऱ्या. जुन्या मोज्यांचा गोळा करून टोपलीत टाकायला द्यावा. काही फुटत नाही. फुगा देऊ नये, फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकतो.

खेळापूर्वी स्टोव्ह वा गॅस बंद करावा, टेबलाचे कोपरे झाकावेत, फरशी कोरडी असावी. मूल मोजे घालून धावले तर घसरते, म्हणून पाय उघडेच ठेवावेत.

धाकट्या भावंडांना सांभाळून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दर तासाला दहा मिनिटे असा खेळ घ्यावा. दोघांचेही पाय मोकळे होतात. खालच्या मजल्यावरच्या मावशींची तक्रार येऊ नये म्हणून उड्या संध्याकाळपर्यंतच. रात्री मांजराची चाल: आवाज न करता दारापासून अंथरुणापर्यंत पोहोचायचे, पाऊल वाजले की पुन्हा दारापासून सुरुवात.