मोहदरीचा खडा आणि क्षयाचा जंतु

नाशिकहून सिन्नरास येतांना मोहदरीचा घाट लागतो. त्या परिसरांतील काळ्या खडकांच्या पोकळ्यांत मधाच्या रंगाचे, वाटोळे असे फ्लोराइटचे खडे सांपडले आहेत. या खनिजावरूनच एका मोठ्या शास्त्रास नांव मिळालें, हें आपणांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. कांहीं पदार्थ जांभळ्यापलीकडील अदृश्य किरण शोषून घेऊन त्यांच्या ऐवजीं दृश्य रंगाचा प्रकाश बाहेर टाकितात. इंग्लंडांतील स्टोक्स या शास्त्रज्ञांनीं १८५२ सालीं या गुणास 'फ्लुओरेसन्स' असें नांव दिलें. (प्रत्येक खडा उजळतोच असें मात्र नाहीं, कोणी घाटांत जाऊन निराश होऊं नये!)

हा गुण सूक्ष्मदर्शक यंत्रांत कसा उपयोगी पडतो, तें क्षयाच्या उदाहरणानें उत्तम कळेल. कॉख यांनीं १८८२ सालीं दाखविलेला हा जंतु मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अवघा दोन ते चार पट लांब असतो. जुन्या पद्धतींत तो तांबडा रंगवून निळ्या पार्श्वभूमीवर शोधीत. हें काम मंद दिव्याखालीं तांदळांतले खडे निवडण्याजोगें होतें. नव्या पद्धतींत थुंकीवर ऑरामाइन नांवाचा रंग घालितात. जंतूच्या मेणचट कवचास तो घट्ट धरतो. इतर वस्तूंवरील रंग आम्लानें धुऊन जातो. मग निळा प्रकाश पाडतांच अमावास्येच्या काजव्यांप्रमाणें पिवळे जंतु चमकूं लागतात. ते सहज दिसत असल्यामुळें कमी भिंगशक्ति पुरते व एका दृष्टिक्षेपांत अधिक क्षेत्र तपासून होतें. या कामीं महाग पारददीपांऐवजीं एलईडी दिवे वापरावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं केली.

ज्या सिन्नरांत विड्या वळण्यावर कित्येक घरांच्या चुली पेटत आल्या, तेथें खोकला 'तंबाखूचाच' म्हणून अंगावर काढणें सोपें. पालकांनीं तसें करूं नये. दोन आठवड्यांवर खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी. आतां निदानासाठीं जंतूच्या डीएनएची परीक्षा अधिक पसंत केली जाते. तरी औषधाचा गुण येतो कीं नाहीं, हें पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागतोच.

परंतु येथेंच एक मोठी उणीव आहे. ऑरामाइननें मेलेला जंतुहि चमकतो! मग औषध लागू पडलें कीं नाहीं, हें वैद्यानें कसें ओळखावें? कॅरोलिन बर्टोझी यांच्या प्रयोगशाळेनें २०१८ सालीं ट्रेहॅलोज नामक साखरेस जोडलेला एक रंग प्रसिद्ध केला. जिवंत जंतु ती साखर आपल्या कवचांत गुंफतो आणि मगच उजळतो. मेलेल्यास तें साधत नाहीं. असे रंग स्वस्त व खात्रीचे करणें, फार प्रकाशानें ते विटतात तें टाळणें, तीव्र प्रकाशापासून जिवंत पेशी जपणें, चमकते ठिपके संगणकाकडून मोजविणें, अशीं कामें पडलीं आहेत. यांत रसायन, भौतिक, गणित, जीवशास्त्र या सर्वांस वाव आहे. पुण्यांतील आयसर व राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र येथें अशीं यंत्रें वापरून संशोधन चालतें.

ज्यांस आजच आरंभ करावयाचा असेल, त्यांनीं कोयनेल असलेलें टॉनिक वॉटर पेल्यांत घेऊन अंधाऱ्या खोलींत त्यावर नोटा पारखण्याची जांभळी विजेरी धरावी. पाणी निळें उजळेल. स्टोक्स यांनींहि कोयनेलाच्याच द्रावणावर प्रयोग केले होते. विजेरी मात्र कोणाच्या डोळ्यांवर धरूं नये.